धोंडशीर

शायनी म्हणाली, अकिलीस.
टाचेच्या वर अंगठा दाबून म्हणाली, इथं?
मी म्हटलं, हो, इथंच,
आणि मनात म्हटलं, धोंडशीर.
धोंडा आणि शीर एकाच शब्दात बांधलेले,
जणू कुणाला आधीच ठाऊक होतं
ह्या जागेला दोन्ही व्हावं लागणार.

त्याआधी नडगी. त्याआधी उजवा गुडघा, दोनदा.
पहिल्या खेपेला तर मी धावायलाही लागले नव्हते,
नवे बूट घालून जिना उतरताना पाय मुरगळला.
विद्याधर सोहारहून फोनवर हसला,
मग हसू आवरून म्हणाला,
त्रेचाळिसाव्या वर्षी
कोण लागलंय तुझ्या मागे?

कोणी नाही.
रुवीच्या ऑफिसात मी टाइल्सच्या कंटेनरांची बिलं जुळवते.
चौरस मीटर, भाडं, फुटतूट दोन टक्के.
फुटतूट धरूनच माल मागवायचा असतो,
एकोणीस वर्षं मी ती ओळ भरते आहे.

आई म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरावेत गं.
आई, मी पसरत नाहीये,
उचलतेय.

पहाटे साडेचार, मत्रहचा किनारा.
ओल्या टॉवेलातून श्वास घ्यावा अशी हवा.
समुद्र तेलासारखा, जागच्या जागी हलणारा.
मासळीबाजारापाशी मांजरी
शेपट्या पायांभोवती गुंडाळून
बोटींची वाट बघत बसलेल्या.
शायनीचा हुकूम: दोन खांब धाव, एक खांब चाल.
रियामच्या टेकडीवरच्या त्या पांढऱ्या धूपपात्रापर्यंत
दिव्याचे खांब एकशे अकरा, मी मोजलेत.
धावायच्या खांबांना मला कोणी बघत नाही,
चालायच्या खांबाला
सगळं मस्कत बघतं.

मोतालेब झाडतो. सिलहटकडचा.
झाडताना मान वर करत नाही.
तीन महिन्यांत आमचं बोलणं एवढंच,
सलाम. सलाम.
एका पहाटे झाडू थांबला.
दीदी, आज बायाँ देर से आता है.

काहीच दुखत नव्हतं.
मी हात हलवला, पुढे गेले.
हा एक्केचाळिसावा खांब.
मान खाली घालून झाडणाऱ्याला
माझे पाय दिसत नाहीत, ऐकू येतात.
रोज टप् टप्, टप् टप्,
आणि आज
टप्
  टप्.
त्या दिवशी हट्टाने मी चालायचे खांबही धावले.
शहाण्णवाव्याला धोंडशिरेने तेच सांगितलं,
जरा मोठ्या आवाजात.

मग सहा आठवडे जिन्याची कड.
पंजे पायरीवर, टाच अधांतरी,
हळू खाली, हळू वर, पंधरा वेळा.
वर कुणाच्या तरी एसीचं पाणी ठिबकायचं.
शेजारची शम्सा, वय वर्षे सहा,
दारात बसून माझ्यासाठी अरबीत मोजायची.
बारानंतर तिचं चुकतं,
बारावरून ती परत आठवर येते,
त्यामुळे माझे पंधरा कधी एकोणीस,
कधी चोवीस.
मी तिला सुधारलं नाही.
शायनीलाही सांगितलं नाही.

नोव्हेंबर. हवेतला ओला टॉवेल कुणीतरी पिळून वाळत घातलाय.
पहिला खांब. दुसरा. चाल.
मांजरी त्याच, एक पोटुशी.
एकोणचाळीस. चाळीस.
तो दिसला, मान खाली, नारिंगी पाठ.
मी सलाम केला नाही,
आवाजात आवाज मिसळायला नको म्हणून.
श्वाससुद्धा बारीक केला.
खर्र, खर्र.
त्याच्या अगदी बाजूने गेले,
खर्र, खर्र,
पाठीमागे दोन खांब, तीन खांब,
झाडू थांबला नाही.

उजव्या खुब्यात काहीतरी बारीक आहे, नवं.
त्याला मराठीत काय म्हणतात
अजून आठवत नाहीये.